ज्यानं हेड बसवलं, त्यानंच गाडी पळवली : अँडी राऊसच्या मुलखात पाच दिवस

पहिला दिवस, बुधवार

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक काळं-पांढरं कात्रण चाळीसेक वर्षं चिकटलेलं आहे. आप्पांनी रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका ब्रिटिश मोटर मासिकातलं. त्यात एक साधीसुधी चार दारांची गाडी वळणावर एका अंगाला झुकली आहे. पुढचं आतलं चाक जमिनीला जेमतेम टेकलंय. गाडी ट्रायम्फ डॉलोमाइट स्प्रिंट, चालवणारा ब्रिटनचा शर्यतपटू अँडी राऊस, साल 1975. आप्पांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण मजकुरातली एक गोष्ट त्यांनी कुणाकडून तरी नीट समजून घेतली होती : हा माणूस ज्या कारखान्यात ही गाडी शर्यतीसाठी तयार झाली, तिथलाच इंजिनिअर. आप्पा हेडचं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागाचं काम करायचे. व्हॉल्व्ह सीट कापायच्या, गाइड बदलायचे, हेड घासून सपाट करायचं. गिऱ्हाइकाची गाडी स्वतः पाच-दहा मैल फिरवून आणल्याशिवाय ती ताब्यात द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. "हातानं केलेलं काम बुडाला कळलं पाहिजे," असं म्हणायचे. बूड म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर टेकलेलं.

आप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. वर्कशॉप आता मी बघते. भाचा केदार वॉरिक विद्यापीठात शिकायला आला आणि दोन वर्षं "मावशी, ये की" करत राहिला, तेव्हा मी एकच अट घातली. लंडन नंतर. आधी कात्रणातल्या माणसाचा मुलूख.

म्हणून पहिल्याच दिवशी लेमिंग्टनहून फॉस वे धरला. हा रोमनांनी आखलेला रस्ता, मैलोन्‌मैल सरळ. मोरटन-इन-मार्शच्या आसपास ग्लॉस्टरशायर सुरू होतं. राऊस याच जिल्ह्यातला, जन्म 1947 चा. कापणी नुकतीच उरकली होती. रानात सडं उभी होती आणि पेंढ्याचे मोठे गोल गठ्ठे जागोजागी पडलेले. अशाच मोकळ्या, गवताळ रानात ऑटोक्रॉस होतं : खुंट्या ठोकून मार्ग आखायचा आणि एकेकानं वेळ लावून गाडी हाणायची. राऊसनं सुरुवात तिथून केली, तीही स्वतः बांधलेल्या गाडीनं. तेव्हा तो शिकाऊ इंजिनिअर होता. पुढे फॉर्म्युला फोर्ड, म्हणजे एकाच माणसाच्या छोट्या शर्यतीच्या गाड्या, मग सगळ्यांना सारख्याच गाड्या असणारी फोर्ड एस्कॉर्ट मेक्सिकोची स्पर्धा. गाड्या सारख्या असल्या की जुळणी कुणाची नेटकी आणि हात कुणाचा हलका, एवढंच उरतं.

मी एका फाटकाशी थांबून ते रान बघत राहिले. केदारला तिथं बघण्यासारखं काही दिसेना. मला मात्र आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीचं रान आठवलं. स्वतः राखलेली, स्वतः खाऊ घातलेली बैलं घेऊन माणूस उभा असतो, आणि बैलाच्या कानाच्या हालचालीवरून त्याला कळतं की आज जोडी पळणार की नाही.

दुसरा दिवस, गुरुवार

कॅनली हे कव्हेंट्रीचं पश्चिमेकडचं अंग. केदारच्या विद्यापीठापासून चालत जाता येतं. स्टँडर्ड-ट्रायम्फचा कारखाना इथं होता. आमच्या पिढीच्या मराठी घरांत ज्यांच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड होती त्यांनी हे नाव मनात धरावं, कारण आपली हेरल्ड मद्रासला जुळत असली तरी तिचं मूळ घर हे. 1980 मध्ये इथली मोटारींची जुळणी थांबली. आता तिथं दुकानं, कचेऱ्या, गाड्या लावायच्या मोकळ्या जागा. पण रस्त्यांची नावं बघा : एक हेरल्ड ॲव्हेन्यू, एक डॉलोमाइट ॲव्हेन्यू. डॉलोमाइट ॲव्हेन्यूच्या पाटीखाली मी फोटो काढून घेतला. त्या पाटीला हात लावताना आप्पांची फार आठवण आली, ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

डॉलोमाइट स्प्रिंटचं हेड हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते. गाडी 1973 साली आली. इंजिन 1,998 सीसीचं, चार सिलिंडरचं, 45 अंशांत आडवं कललेलं. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड. आणि त्या हेडात सोळा व्हॉल्व्ह. आज अल्टोतसुद्धा सिलिंडरमागे एकापेक्षा जास्त इनलेट (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह असतात, पण त्या काळी साध्या कुटुंबाच्या गाडीत हे कुणी देत नव्हतं. सोळा व्हॉल्व्ह हलवायला सहसा दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे, लागतात. इंजिनिअर स्पेन किंग आणि त्याच्या माणसांनी एकातच भागवलं. त्या एका कॅमशाफ्टवर आठच उंचवटे. प्रत्येक उंचवटा फिरताना इनलेटचा टॅपेट सरळ खाली दाबतो, आणि तोच उंचवटा बाजूच्या रॉकरला, म्हणजे डुलत्या तरफेला, ढकलून एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्हही उघडतो. कमी सुट्टे भाग, कमी वजन, कमी खर्च. 1974 साली या हेडाला ब्रिटिश डिझाइन कौन्सिलचं पारितोषिक मिळालं.

त्याच घराण्यातल्या इंजिनांची एक खोडही आहे. हेड धरून ठेवणारे काही बोल्ट सरळ आणि काही स्टड तिरके. ॲल्युमिनियम आणि पोलाद वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की ते स्टड हेडात गंजून धरतात, आणि मग हेड वरही येत नाही आणि बाजूलाही सरकत नाही. असं हेड सोडवण्यात दिवस घालवलेल्या माणसाला मी कुठल्याही देशात ओळखेन.

दुपारी शहरात कव्हेंट्री ट्रान्सपोर्ट म्युझियम पाहिलं. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करणारी थ्रस्ट एसएससी तिथं आहे, 1997 साली ताशी 763 मैल. लोक तिच्यापाशी गर्दी करतात. मी सायकली आणि शिवणयंत्रांच्या काळापासूनचं कव्हेंट्री बघत होते. पट्ट्यावर चालणारे लेथ, फिटरच्या पेट्या, फाइल्स. 14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बवर्षावात हे शहर उद्ध्वस्त झालं, तरी कारखाने पुन्हा उभे राहिले, आणि राऊसनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचं वर्कशॉप काढलं तेही याच शहरात. ज्या गावात दर चौथ्या घरात एक फिटर आहे तिथंच असं वर्कशॉप चालतं. उद्यमनगरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार

सकाळी साउदम. कव्हेंट्रीहून बॅनबरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं छोटं बाजाराचं गाव. राल्फ ब्रॉडचा ब्रॉडस्पीड हा शर्यतीच्या गाड्या तयार करणारा कारखाना बर्मिंगहॅममधून इथं आला होता. ब्रॉडनं मिनीपासून सुरुवात केली, मग फोर्ड अँग्लिया घेतली, आणि 1966 साली त्याच्या अँग्लियात जॉन फिट्झपॅट्रिकनं ब्रिटिश सलून कार स्पर्धेचा किताब जिंकला. (इंग्लंडात सलून म्हणजे आपली रोजच्या वापरातली बंद टपाची गाडी. 1958 पासून अशाच गाड्यांची ही राष्ट्रीय स्पर्धा भरते.) राऊस 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडकडे इंजिनिअर म्हणून लागला आणि हळूहळू तिथल्याच गाड्या शर्यतीत चालवू लागला.

साउदममध्ये मला पाटी, पुतळा असं काही नको होतं. पत्र्याच्या शेडा, बाहेर रचलेले पॅलेट, चहाचा मग हातात घेऊन दारात उभा असलेला माणूस, एवढं बघायला मिळालं आणि ते पुरे झालं. कारण राऊसचा डॉलोमाइटमधला 1975 चा किताब अशाच शेडीत तयार झाला. 1974 पासून नियम कडक झाले होते. गाडी जवळजवळ शोरूममधल्यासारखीच ठेवायची, मनाला येईल तसं कापायचं-जोडायचं नाही. मग इंजिनिअरच्या हातात काय उरतं? सगळे कनेक्टिंग रॉड वजनाला सारखे. सगळे कंबश्चन चेंबर मापाला सारखे. कारखान्यानं दिलेल्या सुटीत, म्हणजे अमुक ते तमुक या मापात, सर्वांत चांगल्या टोकाला प्रत्येक भाग आणून बसवायचा. गंमत वाटेल, पण यात नवीन काहीच करायचं नसतं. जे कागदावर होतं ते शंभर टक्के खरं करायचं असतं, आणि त्याइतकं अवघड काम मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट त्या किताबाच्या हिशोबाची. त्या काळी मैदानावर सगळ्यांत पुढे मोठ्या अमेरिकन गाड्या असायच्या. स्टुअर्ट ग्रॅहमची शेवरले कमारो दोन लिटरच्या डॉलोमाइटला सरळ रस्त्यावर सहज मागे टाकी. पण गुण मिळत ते इंजिनाच्या आकाराच्या गटाप्रमाणे. खासबागेच्या मैदानात वजनगट लावून कुस्त्या धरल्या आणि वर्षअखेर ज्यानं आपल्या गटात सर्वाधिक कुस्त्या मारल्या त्याला गदा दिली, तर कसं होईल, तसं. म्हणजे दर रविवारी आपल्या गटात पुढे राहायचं आणि मुख्य म्हणजे गाडी शेवटपर्यंत शाबूत आणायची. इथं इंजिन आतून ओळखणारा ड्रायव्हर लागतो. कुठल्या फेरीला तेलाचा दाब सुई खाली नेतोय, ब्रेक कधी मऊ पडू लागले, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. 1975 साली राऊस संपूर्ण स्पर्धेचा विजेता झाला.

साउदमवरून गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम जवळ आहे. एकेकाळी तिथं बॉम्बर विमानांचा तळ होता. शेजारीच जग्वार लँड रोव्हरचं काम चालतं, आणि 2008 पासून ती टाटांची आहे, म्हणजे रोव्हर हे नावही आता आपल्या पिंपरीवाल्यांच्या मालकीचं. आत एक रोव्हर एसडी-वन पाहिली आणि केदारला म्हटलं, हिला ओळखलंस? हिचेच साचे मद्रासला गेले आणि 1985 साली आपल्याकडे स्टँडर्ड 2000 आली. अंगानं अगदी हीच, पण पोटात जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं दमलेलं इंजिन. बिचारी तीन वर्षांत बंद पडली. इंग्लंडात मात्र याच अंगात साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट होतं, आणि तिच्या व्हिटेस नावाच्या आवृत्तीतून राऊसनं 1984 चा किताब घेतला.

त्याच्या आदल्या वर्षीची हकिगत कडू आहे. 1983 मध्ये पहिला आला होता स्टीव्ह सोपर, टॉम वॉकिन्शॉच्या चमूच्या रोव्हरमधून. गाड्या नियमात बसत नाहीत अशी तक्रार झाली, चौकशी लांबली, आणि 1984 साली त्या रोव्हरचे गुण काढून घेतल्यावर किताब राऊसच्या अल्फा रोमिओ जीटीव्ही-सिक्सकडे आला. कागदावर मिळालेला विजय, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मापात राहून दुसरा येणं हे मापाबाहेर जाऊन पहिलं येण्याहून खालचं असूच शकत नाही. माझ्या धंद्यात तर दहा मायक्रॉनवर माणसाची नियत कळते.

चौथा दिवस, शनिवार

सिल्व्हरस्टोन. ऑगस्टअखेरच्या सुट्टीला जोडून इथं जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा तीन दिवसांचा उत्सव भरतो. कव्हेंट्रीहून निघून तासाभरात पोचलो. दुसऱ्या महायुद्धात इथून वेलिंग्टन विमानं उडायची. धावपट्ट्यांभोवतीच्या रस्त्याचं पुढे मैदान झालं आणि 13 मे 1950 ला जागतिक फॉर्म्युला वन स्पर्धेची पहिली शर्यत इथंच झाली. आज एक फेरी 5.891 किलोमीटरची आहे. वारा मात्र अजून विमानतळाचाच, कुठं अडत नाही. मी साडीवर केदारचं जॅकेट चढवलं.

पॅडॉक, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या करून तयार करायची जागा, जणू जोतिबाची यात्रा. तंबू, ट्रक, पेट्रोलचा आणि तळलेल्या कांद्याचा वास, लोक गाड्यांच्या पोटाखाली उताणे झोपलेले. आणि मालक बोलायला इतके तयार की नुसतं बॉनेटकडे बघितलं तरी पुरे. एका फोर्ड सिएरा आरएस 500 पाशी आम्ही अर्धा तास उभे होतो.

या गाडीवाचून राऊसची गोष्ट पुरी होत नाही. 1985 मध्ये त्यानं सिएरा एक्सआर-फोर-टीआय आणली. ही टर्बोवाली, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी, गाडी मूळ अमेरिकेच्या बाजारासाठी होती. तिच्यातून त्यानं चौथा आणि सलग तिसरा किताब घेतला, तीन वर्षांत तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून : अल्फा, रोव्हर, फोर्ड. मग 1987 साली फोर्डनं कॉसवर्थ इंजिनाची आरएस 500 काढली. नियमाप्रमाणे सुधारित आवृत्तीच्या 500 गाड्या बनवणं भाग होतं, म्हणून हे नाव. रस्त्यावर ती 224 अश्वशक्ती द्यायची. पण तिच्या इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चारच्या जागी आठ बसवलेले होते, आणि त्यातले चार रस्त्यावरच्या गाडीत कामच करत नसत. ते होते शर्यतीसाठी राखून ठेवलेले! मोठा टर्बो आणि ते चार इंजेक्टर जागे केले की तेच दोन लिटरचं इंजिन 500 अश्वशक्तीच्या पुढे जाई. मागच्या दोन चाकांवर इतकी ताकद, आणि टायरची रुंदी नियमानं बांधलेली. टर्बो भरायला क्षणभर लागतो, मग सगळी ताकद एकदम अंगावर येते. वळणातून बाहेर पडताना पाय किती दाबायचा, हा हिशोब ज्यानं स्वतः त्या टर्बोची जुळणी केली त्याला जास्त जवळून कळणार.

राऊसनं त्या गाडीतून मैदानात शर्यतींमागून शर्यती मारल्या, आणि तरी किताब नाही. 1988 चा फ्रँक सिटनरच्या बीएमडब्ल्यूला, 1989 चा जॉन क्लेलँडच्या व्हॉक्सहॉल ॲस्ट्राला. तोच जुना गटांचा हिशोब. 1975 ला ज्यानं त्याला गदा दिली होती, त्यानंच आता हिरावून घेतली. यावर त्यानं काय केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं. सगळ्यांना एकच दोन लिटरचा वर्ग, जो पुढे तो विजेता, असे सरळ नियम घडवण्यात तो पुढे राहिला. ॲलन गाऊ, डेव्हिड रिचर्ड्स आणि जोनाथन ॲशमन यांच्याबरोबर त्यानं टोका ही संस्था उभी केली आणि स्पर्धेचा कारभार हाती घेतला. 1990 च्या दशकात या शर्यतींना जी गर्दी लोटली तिचं मूळ या नियमात आहे. जगभर देशोदेशी त्याच धर्तीवर स्पर्धा सुरू झाल्या.

1993 साली त्याच्या कारखान्यानं फोर्ड मॉन्डेओ तयार केली आणि न्यूझीलंडच्या पॉल रॅडिसिकनं तीत बसून मोंझाला टूरिंग गाड्यांचा विश्वचषक जिंकला. पुढच्या वर्षी डॉनिंग्टनला पुन्हा. राऊस 1994 पर्यंत स्वतःही चालवत होता. राष्ट्रीय स्पर्धेत एकूण 60 शर्यती त्यानं जिंकल्या. तो आकडा पुढे जेसन प्लेटोनं ओलांडला, पण तोवर बरीच वर्षं गेली.

संध्याकाळी जुन्या वुडकोट वळणाच्या बाजूला बसलो होतो. 1976 ची टूरिस्ट ट्रॉफी ही शर्यत इथंच झाली, आणि ब्रॉडस्पीडची जग्वार एक्सजे-12 कूपे तीत पहिल्यांदा उतरली. 5.3 लिटर, बारा सिलिंडर. डेरेक बेलनं सरावात सगळ्यांहून वेगवान फेरी मारली, आणि शर्यतीत गाडी मोडली. पुढचं वर्षभर तेच : वेग कुणापाशी नाही इतका, पण धड जड, चाकं-ब्रेक-तेल सगळ्यांवर त्या वजनाचा भार. 1977 ला न्यूर्बर्गरिंगला बेल आणि राऊस दुसरे आले, तोच सगळ्यांत मोठा निकाल. मग प्रकल्प गुंडाळला. आप्पांकडे हे कात्रण नव्हतं. असतं तर त्यांनी तेही लावलं असतं, कारण मोडलेल्या भागाकडे ते नव्या भागापेक्षा जास्त वेळ बघायचे.

पाचवा दिवस, रविवार

पुन्हा सिल्व्हरस्टोन, आणि आज फक्त एका गाडीसाठी. काल निघता निघता पॅडॉकच्या कडेला डॉलोमाइट स्प्रिंट दिसली होती. सकाळी आठला तिथं गेले तर मालक, सत्तरीचे गृहस्थ, वरचं कव्हर काढूनच बसले होते. मी सांगितलं की मी भारतात, कोल्हापुरात, हेडचं काम करते. त्यांनी एक शब्द न बोलता स्टूल सरकवलं आणि हातात बॅटरी दिली.

तेलानं न्हालेले आठ उंचवटे. मी मोजले. आठच. त्यांनी पान्ह्यानं क्रँक हळूहळू फिरवला आणि मी बॅटरी धरून बघत राहिले : उंचवट्यानं आधी रॉकर ढकलला, एक्झॉस्ट उघडला. मग तोच उंचवटा आणखी फिरला आणि टॅपेटवर टेकला, इनलेट खाली गेला. पुस्तकात शंभरदा पाहिलेली आकृती. प्रत्यक्षात तिला एक आवाज असतो, सुती कापडावर बोट टिचकावल्यासारखा. हेड कधी अडकलं होतं का, असं मी विचारलं. ते हसले आणि त्यांनी डाव्या अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला.

दुपारी शर्यतीत ती गाडी मधल्या घोळक्यात होती. कॉप्स वळणाला आत शिरताना अगदी कात्रणातल्यासारखी झुकली, आतलं चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं. केदार व्हिडिओ काढत होता. मी नुसतं ऐकत होते. पाच फेऱ्यांनंतर तिचा आवाज बाकीच्यांतून वेगळा ओळखू यायला लागला. शेवटपर्यंत चारही सिलिंडर सारखे बोलत होते.

साडेपाचला मी त्या हेडाचे फोटो वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकले. कोल्हापुरात रात्रीचे दहा. वाटलं होतं सकाळी बघतील. पण दोन मिनिटांत आमच्या जुन्या मेस्त्रींचा फोन आला. आप्पांच्या हाताखाली शिकलेले, आता त्यांचाही मुलगा आमच्याकडेच लेथवर आहे.

"ताई, एकाच कॅमवर दोन्ही? मग एक्झॉस्ट किती आधी उघडतोय, ते त्यांनी रॉकरच्या जागेवर सोडलंय का?"

मी ट्रकच्या पायरीवर बसले, केदारकडून वही-पेन मागून घेतलं, आणि आकृती काढायला लागले.